वार सांगता येतो का?

माई, म्हणजे माझी आई, चहावरची साय बोटाने बाजूला करून मगच घोट घ्यायची. अल्झायमरचं निदान होऊन पाच वर्षं झाली तरी ही सवय गेली नव्हती. एप्रिल २०२१ मधल्या एका मंगळवारी मात्र तिने कप हातात घेतलाच नाही, नुसती बघत राहिली. दुपारी घास गालात तसाच धरून ठेवला. ताप नव्हता, खोकला नव्हता. दिवसभर ती ग्लानीत होती आणि संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. मी भावाला फोनवर सांगितलं, "आजार पुढे गेलाय रे." बुधवार गेला, गुरुवार गेला.

मला तसं वाटलं, कारण त्याआधी वर्षभर तिची घसरण मी रोज बघत होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. पुण्यात आमच्या गल्लीच्या तोंडाला पत्रे लागले, सांभाळायला येणाऱ्या मावशींचं येणं थांबलं, कोपऱ्यावरच्या मारुतीला कुलूप लागलं. माई रोज सकाळी चपला घालून दाराशी उभी. मी दरवेळी तिला करोना समजावून सांगायचे आणि ती दरवेळी तो पहिल्यांदाच ऐकायची, तितकीच घाबरायची. "मग आपली माणसं कुठायत?" असं विचारत घरभर फिरायची. समजावणं हीच चूक होती, हे कळायला मला तीन आठवडे लागले. पुढे मी एवढंच म्हणायचे, "देवळात आज रंगकाम आहे, तोवर तांदूळ निवडून दे." सूप मांडीवर आलं की तिचे हात आपोआप चालू लागत. तरीही त्या वर्षात न्हाणीघराची वाट गेली, माझं नाव गेलं. मास्क लावलेल्या मला तर ती घरात शिरूच देईना. त्यामुळे मंगळवारचं ते गप्प होणं मला पुढची पायरी वाटली.

शुक्रवारी डॉक्टर व्हिडिओ कॉलवर भेटले.

"हे कधीपासून?"

"मंगळवारपासून. सकाळी चहा घेतला नाही तेव्हापासून."

"मग हा डिमेन्शिया नाही. डिमेन्शियाला वार नसतो. ऑक्सिमीटर आहे घरात?"

आकडा ८५ होता.

माईच्या अशा अचानक बदलण्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात, आपली जुनी माणसं 'वात झाला' म्हणायची. बरळणारा, हातपाय झाडणारा वात लगेच ओळखू येतो. गप्प करणारा वात नजरेतून निसटतो, आणि आधीच विस्मरण असलेल्या माणसात तर सहजच. अमेरिकेतल्या इस्पितळांच्या आपत्कालीन विभागांत आलेल्या ६५ वर्षांवरच्या ८१७ कोविड रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातल्या २८ टक्क्यांना येतानाच डिलिरियम होता, आणि या डिलिरियम झालेल्यांपैकी ३७ टक्क्यांना ताप किंवा धाप यांसारखी नेहमीची लक्षणं नव्हती. हे मी फार उशिरा वाचलं.

म्हणून कळकळीने सांगते. तुमच्या माणसाचं वागणं एक-दोन दिवसांत बदललं, आणि बदलाचा वार तुम्हाला सांगता येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. साथ नसली तरीही. लघवीचा जंतुसंसर्ग, साचलेला मळ, नवी सुरू झालेली गोळी, लक्षात न आलेलं पडणं, पक्षाघात, यांतलं काहीही असू शकतं. आजार वाढला की नाही, ते नंतर ठरवता येईल.

दुसरी चूक माईला दाखल करताना इस्पितळाच्या दाराशी झाली. नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता. घाईत मी तिचा चष्मा, कानातलं यंत्र, कवळी, काहीच बरोबर दिलं नाही. आत सगळे पांढऱ्या पोशाखात, चेहरा कुणाचा दिसत नाही, बोललेलं ऐकू येत नाही. तिने प्राणवायूचा मास्क ओढून काढला, म्हणून तिचे हात बँडेजने खाटेला बांधले गेले. बारा दिवसांनी घरी आली तेव्हा मनगटावर वळ होते. पुन्हा ती आधाराशिवाय चालली नाही.

आणि माझ्याबद्दलही लिहायला हवं. टाळेबंदीतल्या एका रात्री, चौथ्यांदा उठवल्यावर, मी तिचा दंड इतका आवळला की बोटं उमटली. हे मी वर्षभर कुणालाही सांगितलं नाही. सांभाळणाऱ्यांच्या ऑनलाइन बैठकीत एका काकूंनी स्वतःचं असंच सांगितलं, तेव्हा मी रडले आणि त्या रात्री झोपले. एकट्याने सांभाळू नका. आठवड्यातल्या दोन रात्री तरी दुसऱ्या कुणाच्या असू देत, आणि तुम्हीच आजारी पडलात तर कोण येईल, ते आजच ठरवून त्या माणसाला औषधं नि सवयी दाखवून ठेवा.

माईच्या फाइलमध्ये आता सगळ्यात वर एक कागद लावलेला असतो. औषधं, ॲलर्जी, माझे नि भावाचे नंबर खाली आहेत. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय : 'यांना माई म्हणा, नावाने हाक मारल्यास ओ देत नाहीत. डाव्या कानाने ऐकू येतं. घाबरल्या तर हातात रुमाल द्या, घड्या घालत बसतात.'