उत्तर आल्या लाइननेच परत जायला हवे

मिरजोळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. पावसाळ्यात एक लाइन पडली तरी काम थांबू नये म्हणून तिथे दोन कंपन्यांची इंटरनेट कनेक्शने घेतली. दोन लॅनकार्डे, दोन पत्ते. पहिल्या पत्त्यावर सगळे सुरळीत. दुसऱ्यावर बाहेरून कोणीही जोडायला गेले की नुसता टाइमआउट. लाइन ठणठणीत होती, फायरवॉलही मोकळी होती.

दोन्ही कार्डांवर टीसीपीडंप लावला तेव्हा उलगडा झाला. विनंती दुसऱ्या कार्डावरून आत येत होती, उत्तर मात्र पहिल्या कार्डावरून बाहेर पडत होते. राउटिंग टेबल पॅकेटला कुठे जायचे आहे तेवढेच बघते, ते कोणत्या पत्त्यावरून निघाले हे बघत नाही. त्यामुळे सगळी उत्तरे पहिल्याच डीफॉल्ट गेटवेकडे जातात. परक्या पत्त्याचे पॅकेट दिसले की अनेक इंटरनेट कंपन्या ते तिथेच टाकून देतात. बनावट पत्त्यांचे हल्ले रोखण्यासाठी ही गाळणी लावावी, अशी शिफारस आरएफसी २८२७ मध्ये २००० सालापासून आहे.

दुसरा डीफॉल्ट रूट जास्त मेट्रिक देऊन घातला तरी हे सुटत नाही. कमी मेट्रिकवालाच जिंकतो. त्याऐवजी दुसऱ्या लाइनचे वेगळे टेबल करा, समजा १०० क्रमांकाचे. त्यात त्या लाइनचे नेटवर्क आणि तिचा गेटवे लिहा. मग ‘आयपी रूल’ने नियम घाला: दुसऱ्या लाइनच्या, समजा १९८.५१.१००.१० या, पत्त्यावरून निघालेले पॅकेट टेबल १०० प्रमाणे जाईल. ‘आयपी रूट गेट’ला बाहेरचा एखादा पत्ता देऊन पुढे ‘फ्रॉम’ आणि सर्व्हरचा तो पत्ता जोडून विचारलेत की पॅकेट कोणत्या कार्डावरून जाणार ते लगेच दिसते.

आता सगळ्यात महत्त्वाचे. कमांडने घातलेले रूट आणि नियम फक्त मेमरीत असतात. आमच्याकडे पावसात वीज जाणे नेहमीचे. यूपीएस संपून सर्व्हर पुन्हा उठला की ते गायब. म्हणून उबुंटूवर ते नेटप्लॅनच्या फाइलीत, रेडहॅटवर एनएमसीएलआयने कायमचे लिहा. लांबून काम करत असाल तर ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर जुनी मांडणी परत येते.

शेवटी सर्व्हर स्वतः रीस्टार्ट करा आणि दोन्ही पत्ते बाहेरच्या इंटरनेटवरून तपासा. त्याशिवाय काम झाले असे कोणालाही सांगू नका.