वेगाचा लगाम

वेगाचे आकर्षण मनुष्याला फार प्राचीन काळापासून आहे. घोडा, रथ, सायकल आणि मोटार ही त्याच आकर्षणाची रूपे होत. कामासाठी तर आपण वाहन हाकतोच. पण कधी केवळ मौजेसाठीही हाकतो. त्यात गैर काहीच नाही. मौज कशी लुटावी, एवढाच प्रश्न आहे.

साताऱ्याहून कास पठार सुमारे २५ किलोमीटर दूर आहे. शहर मागे पडताच यवतेश्वरचा घाट लागतो. वळणावरून खाली सातारा आणि समोर अजिंक्यतारा दिसतो. पुढे डोंगराच्या एका अंगास कण्हेरचा, तर दुसऱ्या अंगास उरमोडीचा जलाशय चमकतो. पावसाळा सरत आला की पठारावर तेरडा, सोनकी व सीतेची आसवे फुलतात. २०१२ साली पश्चिम घाटातील जी स्थळे जागतिक वारसा म्हणून मान्य झाली, त्यांत कासही आहे. सावकाश जाणाऱ्याला हे सारे वैभव वाटेतच लाभते.

याच वाटेने कोणी शर्यत लावून निघाला, तर त्याला काय दिसेल? फक्त पुढची गाडी! ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. ताशी ८० वेगाची २२ मीटर. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारे अंतर मात्र चौपट होते. वळणापलीकडून गवताचा भारा घेतलेली एखादी माउली येत असेल, तर तिने काय करावे? मौज एकाची आणि प्राणसंकट दुसऱ्याचे, हा कुठला न्याय?

जाणता चालक घाट उतरताना गाडी खालच्या गियरमध्ये ठेवतो. कारण सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. रस्ता अरुंद असेल, तर तो बाजूस थांबून चढणाऱ्या गाडीला आधी वाट देतो.

महाभारतातील नलराजाची कथा प्रसिद्ध आहे. तो ऋतुपर्ण राजाचा रथ विदर्भाकडे हाकीत होता. वाटेत राजाचे उपरणे उडाले. ते घेण्यासाठी त्याने रथ थांबवण्यास सांगितले, तेव्हा नल म्हणाला, "महाराज, ते तर एक योजन मागे राहिले!" उपरणे गेले, तर दुसरे मिळते, वेगाच्या भरात गेलेला प्राण मात्र मिळत नाही.

मोटार चालवण्याचा परवाना वयाच्या अठराव्या वर्षानंतरच मिळतो. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास त्याच्या पालकासही शिक्षा होऊ शकते, अशी तरतूद २०१९ साली कायद्यात झाली.

मुलांनो, वेग हा इंजिनाचा गुण आहे; संयम हा चालकाचा. गाडी पळवणे सोपे. योग्य ठिकाणी ती थांबवता येणे, हेच खरे सारथ्य होय.