दोन चेंडू

गावाबाहेरचे मोकळे रान असो, दोन चाळींमधला चिंचोळा बोळ असो की शाळेचे पटांगण असो, सायंकाळ झाली की तेथे क्रिकेटचा डाव मांडलेला दिसतो. भिंतीवर कोळशाने रेखाटलेल्या तीन यष्ट्या, एक बॅट आणि एक टेनिसचा चेंडू एवढ्या साहित्यावर दहा-पंधरा मुलांचा खेळ रंगतो. हा चेंडू स्वस्त असतो. तो अंगावर बसला तरी फारशी इजा होत नाही. त्यासाठी पॅड, हातमोजे किंवा हेल्मेट यांची गरज भासत नाही. म्हणूनच आपल्या देशातील बहुतेक मुलांचा क्रिकेटचा श्रीगणेशा याच चेंडूने होतो.

परंतु शाळांचे, जिल्ह्याचे किंवा राज्याचे सामने कातडी चेंडूने खेळले जातात. मुले त्याला ‘सीझनचा चेंडू’ म्हणतात. मग टेनिसच्या चेंडूवर केलेला सराव त्या सामन्यांत उपयोगी पडतो की आड येतो? शाळेच्या संघात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक मुलापुढे हा प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतो. ज्याच्या घरी महागडे साहित्य घेण्याची ऐपत नाही, त्याच्या दृष्टीने तर तो फारच महत्त्वाचा आहे.

उत्तर शोधण्यापूर्वी दोन्ही चेंडूंची ओळख करून घेतली पाहिजे. सीझनच्या चेंडूच्या पोटात बुचाचा गाभा असतो. त्यावर सुतळी घट्ट गुंडाळलेली असते आणि वरून कातड्याचे आवरण शिवलेले असते. त्याचे वजन सुमारे 156 ते 163 ग्रॅम भरते. टेनिसचा चेंडू रबराचा व पोकळ असून त्यावर लोकरीसारखे मऊ आवरण असते. त्याचे वजन मात्र 56 ते 59 ग्रॅमच्या आसपास असते. आकाराने दोन्ही चेंडूंत थोडाच फरक आहे. वजनात मात्र एक दुसऱ्याच्या अडीचपटींहून जड आहे. त्यामुळे हवेचा अडथळा हलक्या चेंडूला अधिक जाणवतो आणि त्याचा वेग लवकर मंदावतो. शिवाय तो उसळतोही फार. सुमारे अडीच मीटर उंचीवरून कठीण जमिनीवर सोडला, तर तो निम्म्याहून अधिक उंच परत येतो. सीझनचा चेंडू तेवढी उसळी घेत नाही. सगळा फरक या तीन गोष्टींतून, म्हणजे वजन, उसळी आणि शिवण यांतून निर्माण होतो.

प्रथम फलंदाजीचा विचार करू. हलक्या चेंडूवर तासन्‌तास खेळणाऱ्या मुलाची नजर तयार होते. चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटताच त्याचा टप्पा ओळखणे, पाय चपळाईने हलवणे आणि बॅटच्या मध्यावर चेंडू घेणे हे तो नकळत शिकतो. इजेची भीती नसल्यामुळे नवा फटका करून पाहण्याचे धाडसही त्याच्या अंगी येते. पण याच सरावातून काही वाईट सवयी जडतात. चेंडू कमरेपर्यंत सहज उसळत असल्यामुळे बॅट आडवी फिरवण्याचा मोह होतो. पोकळ चेंडू बॅटवर दबतो, म्हणून तो दूर धाडण्यासाठी जोर लावावा लागतो. सीझनचा चेंडू मात्र योग्य क्षणी नुसता ढकलला तरी वेगाने धावतो. गल्लीत पायचीत कोणी देत नाही आणि स्लिपमध्ये सहसा कोणी उभे नसते. त्यामुळे यष्टीपुढे पाय आडवा टाकणे किंवा बाहेरच्या चेंडूला उगाच बॅट लावणे या चुकांची शिक्षा तेथे मिळत नाही. ज्या चुकीची शिक्षा मिळत नाही, ती हळूहळू सवय होऊन बसते.

गोलंदाजीतही असेच दोन पदर दिसतात. उसळणारा चेंडू फलंदाजाला सोयीचा पडतो. म्हणून हलक्या चेंडूचा गोलंदाज थेट बुंध्यात पडणारा यॉर्कर टाकण्याचा ध्यास घेतो आणि त्यातून अचूकपणा साधतो. उलटपक्षी, या चेंडूला सीझनच्या चेंडूसारखी उंच शिवण नसते. शिवणीवर बोटे कशी ठेवावीत, एक बाजू चकचकीत राखून चेंडू हवेत कसा वळवावा, ही विद्या त्यावर शिकता येत नाही. जड चेंडू प्रथम हाती आला की तो मनाजोगत्या जागी पडत नाही. टप्पा नव्याने शिकावा लागतो.

क्षेत्ररक्षणात हलक्या चेंडूचे उपकार मोठे आहेत. ताठ हातांनी झेलला तर तो तळव्यावरून उडून जातो. म्हणून चेंडू येताना हात किंचित मागे घ्यावे लागतात. हीच कला सीझनचा चेंडू झेलताना तळहाताला मार लागू देत नाही.

या सर्व गोष्टींचा पडताळा प्रसिद्ध खेळाडूंच्या जीवनातही मिळतो. मुंबईत ताडदेवच्या चिखलवाडीत वाढलेले सुनील गावसकर लहानपणी घराच्या गॅलरीत टेनिसच्या चेंडूने खेळत, आणि त्यांच्या मातोश्री त्यांना गोलंदाजी करीत. त्याच गावसकरांनी 1987 साली अहमदाबाद येथे कसोटी क्रिकेटमधील दहा हजारावी धाव काढली. तोवर हा पल्ला कोणीही गाठला नव्हता. वांद्र्याच्या साहित्य सहवासात सचिन तेंडुलकरही मित्रांबरोबर टेनिसच्या चेंडूने खेळत. 1984 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, थोरले बंधू अजित यांनी त्यांना शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्याकडे नेले. गुरुजी समोर उभे राहून पाहत असता पहिल्या दिवशी सचिनना नीट खेळता येईना. तेव्हा गुरुजींनी दूर उभे राहून पाहावे अशी विनंती अजित यांनी केली, आणि मग सचिन मोकळेपणाने खेळले. पुढे वर्षानुवर्षे सीझनच्या चेंडूवर झालेल्या कठोर सरावानेच त्या मुलाचा खेळ आकाराला आला.

तमिळनाडूच्या सेलम जिल्ह्यातील चिन्नप्पमपट्टी या खेड्यातले टी. नटराजन वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत टेनिसच्या चेंडूनेच खेळत होते. 2015 साली ते रणजी सामन्यात उतरले, परंतु त्यांच्या गोलंदाजीच्या पद्धतीवर आक्षेप घेण्यात आला. नटराजन खचले नाहीत. त्यांनी परिश्रमपूर्वक आपली पद्धत सुधारली. 2020-21 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांनी एकदिवसीय, टी-ट्वेंटी आणि कसोटी अशा तिन्ही प्रकारांत भारताकडून पदार्पण केले. हलक्या चेंडूने त्यांना यॉर्कर दिला. पुढचे सारे त्यांना नव्याने कमवावे लागले.

यावरून असे दिसते की, टेनिसचा चेंडू हा शत्रू नाही आणि पुरता गुरूही नाही. तो खेळाची मुळाक्षरे शिकवतो. वाक्यरचना मात्र सीझनच्या चेंडूवरच शिकावी लागते. ज्याला हलक्या चेंडूवर सराव करणे भाग आहे, त्याने गल्लीचे नियमच थोडे बदलावेत. सरळ बॅटने खेळलेल्या फटक्यालाच धावा द्याव्यात, पायचीत मानावे आणि एक गडी स्लिपमध्ये उभा करावा. संधी मिळेल तेव्हा शिक्षकांच्या देखरेखीखाली, पॅड, हातमोजे व हेल्मेट घालूनच सीझनच्या चेंडूला सामोरे जावे. पहिले काही दिवस चेंडू अंगावर येताना मन कचरते. ही भीती लाजिरवाणी नाही. पावले जागेवर आणि नजर चेंडूवर ठेवण्याचा सराव झाला की ती आपोआप ओसरते.

साहित्य थोडे असले म्हणून विद्या अडत नाही. मात्र आपल्या साहित्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे जो ओळखतो त्याचीच प्रगती होते.

स्वाध्याय

1. सीझनचा चेंडू व टेनिसचा चेंडू यांतील तीन फरक सांगा.
2. टेनिसच्या चेंडूवर खेळताना फलंदाजाला कोणत्या वाईट सवयी जडतात? का?
3. ‘तो खेळाची मुळाक्षरे शिकवतो; वाक्यरचना मात्र सीझनच्या चेंडूवरच शिकावी लागते.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
4. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : श्रीगणेशा होणे, ध्यास घेणे, पडताळा मिळणे, मन कचरणे.
5. दोन्ही चेंडू एकाच उंचीवरून कठीण जमिनीवर सोडा. त्यांची उसळी मोजा आणि आपले निरीक्षण पाच-सहा वाक्यांत लिहा.