कथालेखनाचा धडा : उपदेशाआधी माणूस



आपल्यापैकी अनेकांना कथा लिहावीशी वाटते. परंतु पहिल्याच पानावर लेखणी अडखळते. चंदीगडलगतच्या पंचकुला शहरात राहणाऱ्या मराठी माणसाला तर वाटते, ‘कथा पुण्याच्या वाड्यात घडतात, आमच्या सेक्टरमध्ये काय घडणार?’ या शंकेचे उत्तर पहिली मराठी कादंबरी देते, कारण तीही घराबाहेरच्या प्रवासातच घडते.

बेळगाव येथे १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजी यांनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केले. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता; पण कायद्याने रूढी मोडली नव्हती. यमुना व तिचा पती विनायक प्रवासाला निघतात, तेव्हा वाटेत त्यांना विधवांच्या कहाण्या कळतात. पुढे यमुनेवरच वैधव्य कोसळते.

यातून तीन धडे घ्यावेत.

पहिला दृष्टिकोनाचा. लेखकाने केवळ निबंध न लिहिता पाहणारी एक व्यक्ती निवडली. तुमची कथा कोणाच्या डोळ्यांनी दिसते, हे आधी ठरवा.

दुसरा कथानकाचा. जी दुसऱ्यांचे दुःख ऐकत होती, तिच्याच वाट्याला ते येते. असा पालट नसेल, तर घटनांची केवळ यादी उरते.

तिसरा धडा उणिवेतून मिळतो. या कादंबरीतील पात्रे पुष्कळदा वादसभेतील वक्त्यांप्रमाणे बोलतात. बाबांपुढे मराठी कादंबरीचा नमुना नव्हता; आपल्याला ती सबब नाही. दुःखी माणसाला आपल्या बोधाचे निव्वळ उदाहरण करणे, हा त्याच्यावर दुसरा अन्याय होय. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात वडील भाऊ अखेर घरात गेला की नाही, हे सांगितलेले नाही. तो निर्णय ऐकणाऱ्यावर सोपविला आहे. आपणही वाचकावर एवढा विश्वास ठेवावा.

आता स्वाध्याय. मुलाची बदली झाल्यामुळे एक वृद्ध माता पंचकुला येथे आली आहे, अशी कल्पना करा. भाजीबाजारात ती ‘कोथिंबीर’ मागते. विक्रेत्याला शब्द कळत नाही. ती जुडीकडे बोट दाखविते. ‘धनिया!’ तो हसून म्हणतो. घरी परतताना तो शब्द ती मनाशी घोकते. हा प्रसंग दोनशे शब्दांत लिहा. मात्र ‘ती एकाकी होती’ असे कोठेही लिहू नका.

लिहून झाल्यावर मोठ्याने वाचा. जेथे पात्राऐवजी तुम्हीच बोलत असाल, ते वाक्य खोडा. जे उरेल, तेथून तुमची कथा सुरू होईल.