मार्कशीट काय सांगते, काय सांगत नाही

पहिल्या सेमिस्टरला मला संख्याशास्त्रात काठावरचे मार्क पडले. "पास झालो ना, मग झालं!" म्हणून मी गप्प बसलो. तिसऱ्या सेमिस्टरला त्याच विषयाचा पुढचा पेपर आला आणि मी नापास झालो. तेव्हा वाटलं, हे मला कुणी आधीच सांगितलं असतं तर?

अमेरिकेत, अटलांटामधल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठानं हे काम बिग डेटाकडे सोपवलं. बिग डेटा म्हणजे एका माणसाला वाचून संपणार नाही एवढी, सतत वाढणारी माहिती. तिथे जुन्या विद्यार्थ्यांचे सुमारे २५ लाख ग्रेड तपासले गेले. राज्यशास्त्र घेतलेल्या ज्यांना पहिल्या पेपरात ए किंवा बी मिळाला, त्यांतले सुमारे ७५ टक्के पदवीपर्यंत पोचत. सी मिळालेल्यांतले जेमतेम २५ टक्के. म्हणजे सी हा 'पास' असला तरी धोक्याची घंटा होती! २०१२पासून तिथे अशा ८०० खुणांवर रोज नजर ठेवली जाते. खूण दिसली, की सल्लागार त्या विद्यार्थ्याला बोलावून घेतो. त्यासाठी सल्लागारही वाढवले गेले.

पण याची दुसरी बाजूही आहे. मेरीलँडच्या माउंट सेंट मेरीज विद्यापीठात २०१६ साली एक बेत उघड झाला. कोण शिक्षण सोडून जाईल हे प्रश्नावलीवरून ओळखायचं आणि विद्यापीठाचे आकडे चांगले दिसावेत म्हणून त्यांना लवकर बाहेर काढायचं! मोठा वाद झाला, अध्यक्षांनी राजीनामा दिला. अंदाज दोन्हीकडे होता. हेतू वेगळा होता.

आपल्याकडेही २०२१पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. आपले क्रेडिट तिथे जमा होतात. उद्या त्यावरून आपल्याला सल्ला मिळेलही. पण माझ्या मार्कांवरून 'याला गणित जमत नाही' एवढंच दिसलं असतं. खरं कारण वेगळं होतं. मी मराठी माध्यमातून आलेलो. प्रश्नातलं इंग्रजीच मला कळत नव्हतं. हे मॅडमनी जवळ बसवून विचारलं, तेव्हा कुठे बाहेर आलं. संख्याशास्त्र मी सोडलं नाही.

म्हणून सांगतो, आजच मार्कशीट काढा. पायाच्या पेपरात काठावर असाल तर त्याचं कारण एका ओळीत लिहा, आणि पुढचा विषय निवडण्याआधी ती ओळ घेऊन सरांना किंवा मॅडमना भेटा. आकडा फक्त कुठे अडलं ते दाखवतो. का अडलं, ते आपणच सांगायचं.