विषाद आणि चुंबकीय मस्तिष्क-उत्तेजना

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, विसाव्या अध्यायात, विषादाची गणना वाताच्या नानात्मज विकारांत केलेली आहे. आज 'डिप्रेशन' म्हणून निदान झालेले रुग्ण चुंबकीय उपचाराविषयी आपल्यालाही विचारतात. म्हणून त्याचे स्वरूप वैद्य व औषधविक्रेते या दोघांनीही समजून घ्यावे.

१९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र प्रथम दाखविले. डोक्यावर ठेवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणिक, तीव्र विद्युत्प्रवाह सोडतात. त्यामुळे चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलते आणि कवटीखालील चेतापेशींत सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो. विषादात बहुधा मेंदूच्या डाव्या अग्रभागावर, आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे हा उपचार करतात. भूल द्यावी लागत नाही. औषधांनी गुण न आलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत २००८ मध्ये यास मान्यता मिळाली. डोकेदुखी हा नेहमीचा उपद्रव होय. आकडी क्वचित येते. म्हणून अपस्माराचा पूर्वेतिहास, तसेच डोक्यातील धातूची क्लिप वा कानातील रोपण यांची चौकशी आधी व्हावी.

बाजारातील चुंबकीय पट्टे व कडी ही निराळी वस्तू आहे. स्थिर चुंबकाचे क्षेत्र बदलत नाही, म्हणून मेंदूत असा प्रवाह निर्माण होत नाही. या उपचाराच्या नावावर ती विकणे ही रुग्णाची फसवणूकच ठरेल.

रुग्णाची चालू औषधे अचानक बंद करवू नयेत. आत्महत्येचे विचार आढळल्यास त्यास एकटे न सोडता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. येथे विलंब जिवावर बेततो.