दुसरं पाणी टाळाल तर

उरणपर्यंत लोकल आल्यापासून आमच्या द्रोणागिरीत जहाजावरची, बंदरातली, परदेशी राहून आलेली बरीच पोरं राहायला आली आहेत. त्यांतलं एखादं लिफ्टमध्ये हळूच विचारतं, "काका, तुम्ही स्कॉटलंडला घरी बिअर करायचात ना? स्पार्ज नाही केलं तर चालतं?"

मी आधी कायदा सांगतो. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९चा. परवान्याशिवाय मद्य बनवणं हा इथं गुन्हा आहे, मग ते स्वतःच्या स्वयंपाकघरात स्वतःपुरतं का असेना. ब्रिटनमध्ये १९६३पासून घरच्यापुरत्या बिअरला परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही. तेव्हा पुढचं सगळं तिकडे जाणाऱ्यांसाठी.

ॲबर्डीनला आम्ही दोघं खोलीसोबती शनिवारी हा उद्योग करायचो. दळलेला माल्ट ६६ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचा, पिष्टाची साखर झाली की गोड रस, म्हणजे वॉर्ट, काढून घ्यायचा आणि मग चोथ्यावर गरम पाणी घालून उरलेली साखर धुवून काढायची. हे धुणं म्हणजे स्पार्ज. आपल्याकडे नारळाचा दुसरा रस काढतात, तसंच. एकदा उशीर झाला म्हणून आम्ही ते वगळलं आणि कमी पडलेलं पाणी सरळ उकळायच्या पातेल्यात ओतलं. हायड्रोमीटरवर १.०५८ यायला हवं होतं, आलं १.०४५. कडवटपणा देणारे होप्स मात्र ठरल्याप्रमाणेच पडले. बिअर पाणचट आणि वर कडू. खोलीसोबत्याने ती निमूटपणे प्यायली, मला नाही जमलं.

हिशेब साधा आहे. पाच किलो दाण्याला १५ लिटर पाणी घातलं, तर किलोमागे लिटरभर धरून पाच लिटर चोथ्यातच राहतं. म्हणजे विरघळलेल्या साखरेचा तिसरा हिस्सा चोथ्याबरोबर गेला. त्यावर १३ लिटर पाणी घालून ढवळून काढलं, तर तोटा नऊ-दहा टक्क्यांवर येतो. आणि सगळं २८ लिटर पाणी सुरुवातीलाच दाण्यात घातलं, तर मागे राहणारे पाच लिटर बरेच पातळ असतात, तोटा अठरा टक्के. म्हणजे स्पार्ज टाळण्यात तेवढं बिघडत नाही. बिघडतं ते पाणी नंतर पातेल्यात ओतण्यात.

टाळायचंच असेल, तर सकाळीच ठरवा. दाणा पाचाऐवजी पावणेसहा किलो घ्या आणि सगळं पाणी सुरुवातीलाच दाण्यात घाला. त्याला ३५ लिटरचं भांडं लागतं. आमचं २५चं होतं, मग काय होणार! ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी रूढ केलेली पिशवीची पद्धत याच तत्त्वावर चालते: दाणा कापडी पिशवीत, पाणी पूर्ण, शेवटी पिशवी उचलून निथळत ठेवायची. अशा बिअरला माल्टची चव गोल येते, कारण जास्त धुण्यातून सालपटाचा तुरटपणा उतरतो, तो इथं नसतो. गडद, जड बिअरला मी आजही हीच पद्धत सुचवीन.

भांडं लहान असेल, तर मात्र स्पार्ज कराच. थेंबथेंब शिंपत तासभर उभं राहायची गरज नाही. ७५ अंशांचं पाणी एकदम ओता, ढवळा, दहा मिनिटं थांबा, पहिला गढूळ तांब्या परत वर ओता आणि मग काढा. पाणी ७७च्या वर नेऊ नका, सालपट तुरटपणा सोडतं.

काहीही करा, उकळी येण्याआधी थोडा वॉर्ट गार करून मोजा. कमी भरला, तर होप्स त्या प्रमाणात कमी करा किंवा जास्त आटवून कमी लिटरांवर समाधान माना. घरात कोरडा माल्ट अर्क ठेवलेला बरा. २० लिटरला अर्धा किलो घातला की हायड्रोमीटर साधारण नऊ अंश वर सरकतो.